जर्मनव्याप्त युरोपातली कागदपत्रं आणि पोस्टर्स: संग्राहक काय जमवतात, अस्सल कसं ओळखतात आणि वाद कशावरून आहे?

नोव्हेंबर २०२५ मध्ये जर्मनीतल्या नॉइस शहरात एका लिलावाची तयारी पूर्ण झाली होती. यादीत सहाशेहून जास्त वस्तू होत्या. त्यात छळछावण्यांतल्या कैद्यांनी घरी लिहिलेली पत्रं होती, गेस्टापो या नाझी गुप्त पोलीस दलाची नोंदपत्रं होती आणि ज्यूविरोधी प्रचाराचं पोस्टरही होतं. अनेक कागदांवर पीडितांची नावं स्पष्ट वाचता येत होती. आंतरराष्ट्रीय ऑशविट्झ समितीने याला जोरदार आक्षेप घेतला, पोलंड सरकारनेही नाराजी कळवली आणि अखेर हा लिलाव रद्द झाला.

या प्रकरणामुळे एक जुना प्रश्न पुन्हा चर्चेत आला. दुसऱ्या महायुद्धातली मूळ कागदपत्रं आणि पोस्टर्स जमवणारे हजारो लोक युरोप-अमेरिकेत आहेत. ते नेमकं काय जमवतात? एखादा कागद अस्सल आहे की नकली, हे कसं ठरतं? आणि अशा वस्तूंची विक्री व्हावी का?

'जर्मनव्याप्त युरोप' म्हणजे कोणता भाग?

जर्मनीने १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडवर हल्ला केला. एप्रिल १९४० मध्ये डेन्मार्क, एप्रिल ते जून १९४० दरम्यान नॉर्वे, मे १९४० मध्ये नेदरलँड्स, बेल्जियम आणि लक्झेंबर्ग, तर जून १९४० मध्ये फ्रान्सचा मोठा भाग जर्मनीच्या ताब्यात गेला. पुढच्या वर्षी युगोस्लाव्हिया आणि ग्रीसची पाळी आली. इंग्लिश खाडीतली जर्सी, गर्नसी ही ब्रिटिश राजसत्तेखालची बेटंही १९४० ते १९४५ अशी जवळपास पाच वर्षं जर्मन अमलाखाली होती.

परक्या सैन्याला एवढ्या लोकांवर राज्य करायचं तर कागद लागतोच. संचारबंदीची नोटीस, रेशन कार्ड, ओळखपत्र, प्रवासाचा परवाना, सक्तीच्या कामाचा हुकूम, फाशीची किंवा गोळीबाराची जाहीर सूचना असं सगळं छापलं गेलं. दुसरीकडे प्रतिकार करणाऱ्यांनीही गुपचूप छपाई केली. आज संग्राहकांकडे दिसतात ते या दोन्ही बाजूंचे कागद.

काय काय जमवलं जातं?

भिंतीवरच्या नोटिसा: या साधारणपणे दोन भाषांत असत, एक जर्मन आणि दुसरी स्थानिक. पॅरिसमध्ये २३ डिसेंबर १९४० रोजी जॅक बोन्सर्जां या २८ वर्षांच्या इंजिनिअरला गोळ्या घालण्यात आल्या आणि त्याची नोटीस शहरभर लागली. लोकांनी नोटिसांजवळ फुलं ठेवली, काही ठिकाणी त्या फाडल्या. त्यानंतर नोटीस फाडणं हा घातपात समजला जाईल, असा इशारा देण्यात आला. पॅरिसमधल्या एका मेट्रो स्टेशनला आज बोन्सर्जां यांचं नाव आहे.

प्रचाराची पोस्टर्स: यातलं सर्वांत प्रसिद्ध पोस्टर म्हणजे फेब्रुवारी १९४४ मधलं 'आफिश रूज', म्हणजे 'लाल पोस्टर'. आर्मेनियन कवी मिसाक मनुशियान आणि त्यांच्या साथीदारांपैकी १० जणांचे फोटो लाल पार्श्वभूमीवर छापून 'हे परदेशी गुन्हेगार आहेत' असं दाखवण्याचा त्यामागे हेतू होता. झालं उलटंच. ज्यांना बदनाम करायचं होतं त्यांची ती कायमची ओळख बनली. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी, म्हणजे त्यांना गोळ्या घातल्याच्या बरोबर ८० वर्षांनी, मनुशियान यांना पॅरिसच्या पँथिऑनमध्ये स्थान मिळालं.

भूमिगत वृत्तपत्रं: एकट्या नेदरलँड्समध्ये हजाराहून जास्त बेकायदा नियतकालिकं निघाली. काही छापखान्यात, तर बरीचशी स्टेन्सिल कापून हाताने फिरवायच्या यंत्रावर. बेल्जियममध्ये ९ नोव्हेंबर १९४३ रोजी तर प्रतिकार गटाने जर्मनांच्या नियंत्रणाखालच्या 'ल स्वार' या वृत्तपत्राचा हुबेहूब दिसणारा विडंबन अंक काढला आणि तो ब्रसेल्सच्या स्टॉलवर विकला गेला. वाचायला लागेपर्यंत लोकांना पत्ता लागला नाही. या अंकाशी संबंधित अनेकांना पुढे अटक झाली.

विमानातून टाकलेली पत्रकं: ब्रिटिश आणि अमेरिकन विमानं बाँबप्रमाणेच बातम्यांची पत्रकंही टाकत. आकार लहान, कागद पातळ आणि प्रती प्रचंड, त्यामुळे नव्या संग्राहकांची सुरुवात बहुधा इथूनच होते.

तिकिटं आणि नोटा: १९४३ मध्ये जर्सीसाठी एडमंड ब्लॅम्पीड या चित्रकाराने तिकिटं केली. त्यातल्या तीन पेनीच्या तिकिटावरच्या नक्षीत त्याने ब्रिटनच्या राजाची 'जी' आणि 'आर' ही आद्याक्षरं लपवली. जर्मन अमलाखालच्या बेटावर ही तिकिटं बिनदिक्कत वापरली गेली.

हे जमवायला सुरुवात कधी झाली?

युद्ध संपायच्या आधीच, आणि तीही छंद म्हणून नव्हे.

वॉर्सा घेट्टोमध्ये कोंडलेल्या इमॅन्युएल रिंगेलब्लूम या इतिहासकाराने साथीदारांसह एक गुप्त संग्रह उभा केला. त्यात जर्मन नोटिसा, रेशन कार्डं, डायऱ्या, चित्रं, अगदी ट्रामची तिकिटं आणि चॉकलेटचे कागदसुद्धा होते. आपण वाचलो नाही तरी पुरावा वाचला पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. हे सगळं पत्र्याच्या पेट्या आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीखाली पुरण्यात आलं. १९४६ मध्ये पेट्या आणि १९५० मध्ये दोन कॅन सापडले. तिसरा भाग आजवर मिळालेला नाही. सुमारे ३५ हजार पानांचा हा संग्रह आता वॉर्सातल्या ज्यू इतिहास संस्थेत आहे. रिंगेलब्लूम मात्र १९४४ मध्ये मारले गेले.

नेदरलँड्सचे मंत्री गेरिट बोल्केस्टाइन यांनी २८ मार्च १९४४ रोजी लंडनहून रेडिओवर डच जनतेला आवाहन केलं होतं, की तुमच्या डायऱ्या, पत्रं जपून ठेवा, युद्धानंतर इतिहासाला लागतील. ते भाषण ऐकूनच अॅन फ्रँकने आपली डायरी प्रकाशनाच्या दृष्टीने पुन्हा लिहायला घेतली. नेदरलँड्स मुक्त झाल्यावर अवघ्या तीन दिवसांत, ८ मे १९४५ रोजी, अॅमस्टरडॅममध्ये युद्धविषयक दस्तऐवजांची राष्ट्रीय संस्था सुरूही झाली.

खोटं ओळखपत्र 'अस्सल' कसं?

या क्षेत्रात नवख्यांचा हमखास गोंधळ होतो तो इथे. युद्धकाळात प्रतिकार गटांनी बनवलेलं बनावट ओळखपत्र ही आज अस्सल ऐतिहासिक वस्तू आहे. पण तसंच ओळखपत्र कुणी गेल्या वर्षी बनवलं असेल, तर ती फसवणूक.

डच ओळखपत्राची नक्कल करणं फार अवघड होतं. त्यावर फोटो, बोटाचा ठसा आणि वॉटरमार्क असलेला कागद होता. ज्यूंच्या ओळखपत्रावर 'जे' हे अक्षर उमटवलं जाऊ लागलं. शिवाय बनावट ओळखपत्र सरकारी नोंदींशी ताडून पाहिलं की पकडलं जाई. म्हणूनच २७ मार्च १९४३ रोजी चित्रकार विलेम आरोंडेउस, शिल्पकार गेरिट व्हॅन डर फेन आणि साथीदारांनी अॅमस्टरडॅमचं नोंदणी कार्यालयच पेटवलं. आरोंडेउस यांच्यासह १२ जणांना त्याबद्दल गोळ्या घालण्यात आल्या.

पॅरिसमध्ये अॅडोल्फो कामिन्स्की हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण हेच काम करत होता. कपडे रंगवण्याच्या कारखान्यात शिकलेलं रसायनांचं ज्ञान त्याच्या कामी आलं. शाई पुसण्यासाठी तो लॅक्टिक अॅसिड वापरायचा. एका तासात साधारण ३० कागद होतात, म्हणजे तासभर झोपलो तर ३० जीव जातील, असा हिशोब तो मांडत असे. कामिन्स्की यांचं जानेवारी २०२३ मध्ये निधन झालं.

अस्सल कागद कसा ओळखतात?

एकच चाचणी पुरेशी नसते. जाणकार अनेक गोष्टी एकत्र पाहतात.

- कागद: युद्धकाळात कागदाची टंचाई होती. स्वस्त लगद्याचा कागद काळाबरोबर पिवळा आणि ठिसूळ होतो. पांढराशुभ्र, लवचीक कागद दिसला की शंका घ्यावी.
- अल्ट्राव्हायोलेट दिवा: कागद पांढरा दिसावा म्हणून घातली जाणारी चमकदार रसायनं साधारण १९५० नंतर सर्रास वापरली जाऊ लागली. या दिव्याखाली कागद निळसर-पांढरा चमकला, तर तो युद्धकाळातला नसण्याची शक्यता खूप जास्त.
- छपाई: भिंगातून पाहिल्यावर अक्षरं आणि सपाट रंगातही बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती मूळ पोस्टरचा फोटो काढून केलेली प्रत असू शकते. मात्र मूळ पोस्टरवर फोटो असेल, तर त्या भागात ठिपके असणं स्वाभाविक आहे.
- आकार आणि मजकूर: संग्रहालयातल्या प्रतीशी माप, टाइप आणि ओळींची रचना ताडून पाहतात. डच भूमिगत वृत्तपत्रं 'डेल्फर' या संकेतस्थळावर, तर फ्रेंच 'गालिका'वर मोफत पाहता येतात.
- झिजण्याच्या खुणा: घडीच्या रेषा, गंजलेल्या टाचणीचा डाग, मागे वाळलेली खळ या गोष्टी तर्काला धरून हव्यात. सगळीकडे सारखाच तपकिरी रंग असेल, तर चहाच्या पाण्याचा प्रयोग झालेला असू शकतो.
- मालकीचा इतिहास: हा कागद आधी कुणाकडे होता, कुठून आला? याचं उत्तर नसेल तर बाकी सगळं जुळूनही किंमत आणि विश्वास दोन्ही घटतात.

आणखी एक अडचण म्हणजे प्रामाणिक पुनर्मुद्रणं. 'लाल पोस्टर' किंवा 'ल स्वार'चा तो अंक युद्धानंतर स्मरणार्थ पुन्हा छापला गेला. त्या प्रती विकणाऱ्यांचा हेतू फसवण्याचा नव्हता, पण आज त्याही जुन्या दिसू लागल्या आहेत.

कायदा काय सांगतो?

देशागणिक नियम वेगळे आहेत. जर्मनीत नाझी चिन्हांचा सार्वजनिक वापर गुन्हा आहे, पण कला, संशोधन, शिक्षण अशा कारणांसाठी सूट आहे. फ्रान्समध्येही नाझी गणवेश आणि चिन्हं जाहीरपणे मिरवण्यावर बंदी आहे. नोव्हेंबर २००० मध्ये फ्रेंच न्यायालयाने याहू कंपनीला नाझी वस्तूंचे ऑनलाइन लिलाव फ्रान्समधल्या लोकांना दिसू नयेत, अशी व्यवस्था करायला सांगितलं होतं. पुढे कंपनीने आपल्या लिलावांतून अशा वस्तू काढूनच टाकल्या.

दुसरा मुद्दा मालकीचा. फ्रान्समध्ये सरकारी दफ्तरातला कागद कायम सरकारचाच मानला जातो. तो कितीही हात फिरून विकत घेतलेला असला, तरी सरकार परत मागू शकतं.

मग वाद नेमका कशावरून?

विक्रीच्या विरोधात असलेल्यांचं म्हणणं सरळ आहे. कैद्याने बायकोला लिहिलेलं शेवटचं पत्र ही त्या कुटुंबाची वस्तू आहे. त्यावर बोली लावणं म्हणजे दुःखाचा बाजार मांडणं. शिवाय असा कागद खासगी कपाटात गेला, की वारसांना आणि संशोधकांना त्याचा मागही लागत नाही.

संग्राहकांची बाजूही दुर्लक्ष करण्यासारखी नाही. घराची साफसफाई करताना अशी कितीतरी बाडं रद्दीत जातात. संग्राहकांनी किंमत मोजली म्हणून ती वाचली. अनेक संग्रहालयांतल्या वस्तूही मूळच्या खासगी संग्रहातूनच आल्या आहेत.

यातून एक व्यवहार्य फरक पुढे येतो. हजारो प्रतींत छापलेलं पोस्टर किंवा पत्रक आणि एका माणसाचं नाव असलेलं पत्र किंवा नोंदपत्र, यांना एकाच मापाने मोजता येत नाही. दुसऱ्या प्रकारचा कागद हाती आला, तर जर्मनीतल्या बाड आरोल्सेनमधल्या आरोल्सेन अर्काइव्ह्जशी संपर्क साधता येतो. तिथे नाझी छळाशी संबंधित सुमारे ३ कोटी दस्तऐवज आहेत आणि कुटुंबांना माहिती शोधून देण्याचं काम चालतं.

भारताशी काय संबंध?

सुभाषचंद्र बोस यांच्या प्रेरणेने जर्मनीत उभारलेली 'आझाद हिंद' तुकडी १९४३-४४ मध्ये आधी नेदरलँड्स आणि मग फ्रान्सच्या किनाऱ्यावर तैनात होती. १९४३ मध्ये बर्लिनमध्ये छापलेली आझाद हिंद तिकिटं भारतीय संग्राहकांच्या ओळखीची आहेत. ती टपालात कधीच वापरली गेली नाहीत. त्यामुळे अशा तिकिटावर युद्धकाळातला टपालाचा शिक्का दिसला, तर सावध व्हायला हवं.

दुसऱ्या बाजूला, जर्मनव्याप्त इटलीत मराठा रेजिमेंटचे जवान लढले. नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांना तिथल्या लढायांसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा सैनिकांच्या घरांत जुन्या ट्रंकेत पत्रं किंवा पत्रकं असण्याची शक्यता आहे.

अशा कागदांना भारतीय कायदाही लागू होऊ शकतो. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाचा दस्तऐवज ७५ वर्षांचा झाला, की तो पुरावशेष ठरतो आणि खासगी व्यक्तीला तो परस्पर परदेशी पाठवता येत नाही. १९४५ चे कागद ही मर्यादा २०२० मध्येच ओलांडून गेले आहेत.

घरात असा कागद सापडला तर काय करावं?

लॅमिनेशन करू नका आणि चिकटपट्टी लावू नका, दोन्हींनी कागदाचं कायमचं नुकसान होतं. आम्लविरहित कागदात किंवा पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात, ऊन आणि ओल यांपासून दूर ठेवा. पावसाळ्यात कसर लागली नाही ना, हे अधूनमधून पाहा. दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढून ठेवा. आणि तो कागद कुणाचा, घरात कसा आला, हे घरातल्या मोठ्यांना विचारून वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. विकायचं की संग्रहालयाला द्यायचं, हे नंतरही ठरवता येतं. सांगणारं माणूस गेलं, की ती माहिती मात्र कुठल्याच लिलावात मिळत नाही.