दिव्यांग मुलांचे वजन व दिनचर्या (रत्नागिरी जिल्हा)

दिव्यांग मुलांत वजनाचा प्रश्न दोन्ही टोकांना आढळतो. डाउन सिंड्रोममध्ये स्नायू ढिले असतात, थायरॉइडची कमतरताही वारंवार दिसते, आणि वजन लवकर वाढते. थायरॉइड तपासल्याशिवाय मुलाचे ताट कमी करणे चूक होय. ड्युशेन स्नायुक्षयावरील स्टेरॉइड, आकडीसाठीचे व्हॅल्प्रोएट आणि वर्तनासाठीचे रिस्पेरिडोन यांनीही वजन वाढू शकते. त्यामुळे ‘लाडाने सुटलाय’ हा शेजारपाजारचा शेरा अशा मुलावर आणि त्याच्या आईवर सरळ अन्याय करतो. उलट तीव्र सेरेब्रल पाल्सीत चावणे-गिळणे जमत नाही, जेवण तासभर रेंगाळते आणि मूल खंगत जाते.

खरी अडचण मोजण्यापासूनच सुरू होते. उभे राहता न येणाऱ्या मुलाला आई उचलून काट्यावर चढते, मग तिचे वजन वजा करतात. सांधे आखडले असतील तर गुडघ्यापासून टाचेपर्यंतची लांबी घेऊन उंचीचा अंदाज बांधावा लागतो. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा तपासणी होते. घरीच राहणारे मूल मात्र त्यातून सहज निसटते.

कोकणात बऱ्याच वाड्यांत घर आणि रस्ता यांच्यामध्ये जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी असते. चाकांची खुर्ची तिथेच अडते. पावसाळ्यात त्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, आणि कडेवर घेण्याचे वय सरलेले मूल चार महिने ओटीवरच बसून राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात 5 ते 17 वयाच्या दिव्यांग मुलांसाठीही दिवसाला सरासरी किमान 60 मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल सुचवली आहे; तेवढी जमली नाही तरी थोडीही उपयोगी ठरते. ओटीवर चेंडूची फेकाफेक, खांबाला धरून उठबस, भाट्ये किनाऱ्याच्या वाळूत चालणे हे सारे त्यात धरावे. रत्नागिरीतील आविष्कार संस्था बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांसाठी सविता कामत विद्यामंदिर चालवते. शाळेसाठी रोज घराबाहेर पडणे हाच अशा मुलांचा मोठा व्यायाम असतो, म्हणून शाळा सुटल्यानंतरची वर्षे अधिक जोखमीची.

आहारासाठी वेगळे काही आणावे लागत नाही. पातळ पेजेने ठसका लागणाऱ्या मुलाला नाचणीचे सत्त्व किंवा कुळथाची पिठी घट्ट शिजवून, पाठ ताठ धरून भरवतात. काटे काढलेला मासा मऊ भातात कुस्करता येतो. दाटपणा किती ठेवायचा हे मात्र गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडूनच ठरवून घ्यावे. ऑटिझम असलेले मूल कधी केवळ पांढरा भातच खाते. तिथे नवा पदार्थ चमचाभरच, पण पुन्हा पुन्हा ताटात वाढतात. शिकवताना शाबासकी म्हणून बिस्किट देण्याची सवय घरी आणि शाळेत दोन्हीकडे मोडायला हवी. झोपाळ्यावरचे चार झोके तेच काम करतात.