मनीच्या नावावरची पावती

गेल्या पावसाळ्यात गुलमंडीत एका कापड दुकानाच्या पायरीखाली भिजलेलं मांजराचं पिल्लू सापडलं. मी ते घरी आणलं आणि मनी असं नाव ठेवलं. पंधरा दिवसांत तिच्या कानामागचे केस गळले आणि तिथे रुपयाएवढं, कोंडा धरलेलं वर्तुळ दिसायला लागलं. आठवड्याभराने तसंच लाल वर्तुळ भाचीच्या मनगटावर उठलं. काकांनी लगेच निकाल दिला, "गजकर्ण आहे. नेऊन मोंढ्यात सोडून ये तिला." खुद्द काकांच्या कमरेवर उन्हाळ्यापासून गजकर्ण होतं, म्हणजे मनी जन्मायच्याही आधीपासून. पण त्याचीही पावती मनीच्याच नावावर फाडली गेली.

दोन दिवसांची मुदत मागून घेतली. मनी राहिली, आणि मी या वर्तुळाचा इतिहास वाचत बसले.

'रिंगवर्म' या नावात किडा आहे, रोगात नाही. ही बुरशी. कातडी, केस आणि नखं ज्या प्रथिनाची बनतात, त्यावर ती जगते.

पहिला उपाय काकूने सुचवला, तरोट्याचा पाला वाटून लावायचा. पावसाळ्यात पडीक जागेवर माजणारा हाच तरोटा कोकणात टाकळा होतो आणि भाजी म्हणून ताटात येतो. संस्कृतात त्याला चक्रमर्द म्हणतात आणि दद्रुघ्नही. चक्राला चिरडणारा, दद्रूला मारणारा. दद्रू म्हणजे गजकर्णच. झाडाच्या नावातच रोगाचा आकार आणि त्यावरचं औषध, दोन्ही आलं. तरोट्यात क्रायसोफॅनिक आम्ल असतं, त्यामुळे काकूचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं.

या आम्लाचा सख्खा भाऊ शोभेल असा पदार्थ एकोणिसाव्या शतकात मुंबईत 'गोवा पावडर' या नावाने विकला जायचा. पिवळट भुकटी, गजकर्णावर जालीम. १८६४ मध्ये मुंबईच्या केम्प नावाच्या औषधविक्रेत्याने तिच्याकडे विलायतेतल्या लोकांचं लक्ष वेधलं. पण ती कुठल्या झाडाची, हे कोड्यात होतं. १८७५ मध्ये ब्राझीलमधल्या बाहियाचे डॉक्टर दा सिल्वा लिमा यांनी ते उलगडलं. ही तर आमच्याकडच्या एका झाडाच्या खोडातल्या भेगांत साठणारी अरारोबा! पोर्तुगीजांच्या वाटेने ती गोव्यात आली, तिथून मुंबईत, आणि मग गोव्याचंच नाव लावून लंडनला गेली. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत तिला कृत्रिम पर्याय म्हणून डायथ्रॅनॉल तयार झालं. ते सोरायसिसवर आजही वापरतात.

गोवा पावडर कपड्यांवर डाग पाडायची, डोळ्यांत गेली तर आग आग करायची. माणूस तेवढं सोसतो. मांजर मात्र अंगाला लावलेलं सगळं चाटून पोटात घालतं. तरोट्याचा लेप मनीसाठी तिथेच बाद झाला.

खरी अडचण त्याहून खोल होती. १८४३ मध्ये पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिलं की डोक्यावरच्या गजकर्णाची बुरशी केसांवरच ठाण मांडते. वरून कितीही मलम चोपडा, रोगी केस राहिला की रोग राहिला. मग केस उपटायचे. मुलांचे केस चिमट्याने एकेक करून उपटले जायचे. अशा मुलांना नेहमीच्या शाळांत घेत नसत, म्हणून पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात त्यांच्यासाठी वेगळी शाळा होती. मोंढ्यात सोडून ये, याचीच ही सरकारी आवृत्ती.

त्याच रुग्णालयातल्या रेमंड साबूरो यांनी १९०४ मध्ये क्ष-किरणांचा उपाय आणला. डोक्यावर मोजून किरण सोडायचे, काही आठवड्यांत सगळे केस आपोआप गळतात. चिमट्याच्या छळापुढे ही दयाच वाटली असणार. पद्धत जगभर पसरली. इस्रायलमध्ये १९५० च्या दशकातही स्थलांतरितांच्या हजारो मुलांना हे किरण दिले गेले. १९७४ मध्ये तिथल्या अभ्यासाने दाखवलं की या मुलांमध्ये डोक्या-मानेच्या गाठींचं प्रमाण जास्त आहे. गजकर्णाने माणूस मरत नाही, आणि त्याच्या उपचाराने हे झालं. हा भाग वाचून मी फोन बाजूला ठेवला होता.

सुटका झाली ती दुसऱ्या एका बुरशीमुळे. ग्रिझिओफुल्विन लंडनमध्ये १९३९ मध्येच बुरशीपासून वेगळं काढलं होतं, पण १९५८ मध्ये ग्लासगोच्या जेंटल्स यांनी ते गिनीपिगांना पोटातून दिलं तेव्हा त्याचं मोल कळलं. औषध रक्तातून नव्या केसात उतरतं आणि बुरशीला तिथे वाढू देत नाही. जुना केस वाढून गळेपर्यंत थांबावं मात्र लागतं. गजकर्णाला आठवडे लागतात ते यासाठी.

मांजरांनाही पुढे हेच औषध मिळालं. पण काही मांजरांच्या अस्थिमज्जेला ते बाधतं, म्हणून आता बहुधा इट्राकोनॅझोल देतात. जनावरांच्या डॉक्टरांनी अंधारात मनीवर वूडचा जांभळा दिवा धरला, तर कानामागचे केस हिरवे चमकले. असे केस चमकवणारी मांजरातली बुरशी म्हणजे मायक्रोस्पोरम कॅनिस. १९०२ मध्ये बोदँ यांनी तिला कुत्र्याचं नाव दिलं, राहते ती मुख्यतः मांजरात. पावत्या चुकीच्या नावावर फाडायची रीत जुनीच म्हणायची. मनीचे चार केस तपासणीला गेले. तिथे बुरशी वाढवण्याच्या खाद्याला अजूनही साबूरोंचंच नाव आहे.

उपचार असा: वजनाप्रमाणे औषध, एक आठवडा द्यायचं, एक आठवडा सुट्टी. आठवड्यातून दोनदा बुरशीनाशक आंघोळ, जिच्यात मी जास्त ओरबाडले गेले. मनीचा मुक्काम एका खोलीत, कारण गळलेल्या केसांवरचे बीजाणू महिनोन्महिने जिवंत राहतात. रोज ओला पोछा, चादरी धुणं. धडधाकट पिल्लू काही महिन्यांत आपोआपही बरं होतं, पण तोवर घरभर बीजाणू सांडत फिरतं. वर्तुळ भरून केस आले तरी औषध थांबवायचं नव्हतं, तपासणीत बुरशी उगवायची थांबेपर्यंत नाही.

भाचीचं मनगट महिन्याभरात मलमाने साफ झालं. काकांना मी त्वचेच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. त्यांची बुरशी माणसामाणसांत फिरणारी निघाली, मनीशी संबंधच नव्हता. चार महिने ते चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब लावत होते, तिच्यात स्टेरॉइड. खाज थांबते, लाली उतरते आणि खाली बुरशी निवांत पसरते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीच्या औषधांत टाकली ती यासाठीच. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांकडून मिळालेल्या, नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या बुरशीला नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमध्येही सापडल्याची नोंद झाली. नावातला देश कुठला, ते सांगायला नको.

दिवाळीच्या सुमारास मनीची दुसरी तपासणीही स्वच्छ आली आणि खोलीचं दार उघडलं. काकांच्या गोळ्या संक्रांतीनंतरही चालू होत्या. दुपारी ती त्यांच्या मांडीवर चढायला बघते आणि ते तिला हळूच खाली ठेवतात. "थांब गं, माझं बरं होऊ दे. तुला होईल."