खिळ्यांपासून मोबाइलपर्यंत : पुण्यातल्या अक्षरजुळणीची ४० वर्षे

१९८५ च्या जूनमध्ये आपल्या बॅचचा दहावीचा निकाल लागला. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या अल्डस या कंपनीने पेजमेकर नावाचे सॉफ्टवेअर बाजारात आणले. आपल्यापैकी कोणाला त्याची गंधवार्ताही नव्हती. आपण अकरावीच्या प्रवेशाच्या रांगांमध्ये उभे होतो. पण पुढच्या ४० वर्षांत आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांच्या पोटापाण्याचा त्या घटनेशी संबंध आला. कोणी छपाईत गेले, कोणी जाहिरातीत, कोणी शिक्षक झाले. ज्यांचा या धंद्याशी काहीच संबंध नव्हता, तेही आज नातवंडाच्या बारशाची पत्रिका मोबाइलवर स्वतः करून आपल्या ग्रुपवर टाकतात. खिळ्यांच्या छपाईपासून मोबाइलपर्यंतचा सगळा प्रवास एकाच आयुष्यात पाहिलेली आपली पिढी आहे. तो कसा झाला आणि आपण ही साधने कशी शिकलो, याची नोंद स्मरणिकेत असावी, म्हणून हा लेख.

खिळ्यांचे पुणे

पुण्याला छपाईची परंपरा जुनी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये चित्रशाळा छापखाना निघाला आणि देवादिकांची, ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचली. १८८१ मध्ये 'केसरी' सुरू झाला. आपण शाळेत होतो तेव्हाही सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतल्या वाड्यांच्या तळमजल्यांवर छोटे छापखाने होते. जाता-येता ट्रेडल यंत्राचा ठेका ऐकू यायचा आणि शाईचा, रॉकेलचा वास यायचा.

तिथला मुख्य कारागीर म्हणजे जुळारी, म्हणजेच कंपोझिटर. इंग्रजीला २६ अक्षरे आणि त्यांची मोठी-लहान रूपे पुरतात. मराठीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे धरून काही शे वेगवेगळे खिळे लागत. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'साठी ही संख्या कमी करण्याचा खटाटोप केला होता, तो याच अडचणीमुळे. जुळाऱ्यासमोर खणाखणांच्या लाकडी केसेस असत. कोणत्या खणात काय आहे हे न बघता हाताला कळले पाहिजे आणि खिळ्यावरचे उलटे अक्षर सरळ वाचता आले पाहिजे, ही त्याची विद्या. ती शिकवणारे वर्ग फार थोडे होते. पोरगा छापखान्यात लागला की छापून झालेले खिळे आपापल्या खणात परत टाकायचे काम आधी त्याच्याकडे येई. असे खिळे परत टाकता टाकता केस पाठ होई आणि मग कधीतरी हातात स्टिक मिळे.

मोठी शीर्षके आणि चित्रे हा चित्रकाराचा प्रांत. तो हाताने अक्षरे रेखाटायचा, मग त्यांचा जस्ताचा ब्लॉक बनायचा. आपल्या चित्रकलेच्या सरांनी आपल्याला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवले, त्यात भूमितीसोबत अक्षरलेखन होते. चौकोन आखून अक्षर बसवायचे, दांडीची जाडी सगळीकडे सारखी ठेवायची आणि दोन अक्षरांमधली जागा पट्टीने न मोजता डोळ्याने ठरवायची. तेव्हा तो गुण मिळवण्याचा एक प्रश्न होता. पुढे त्याचा काय उपयोग होणार आहे, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले नाही.

टेबलावरचा छापखाना

१९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. लोकांना ती आठवते डॉ. विजय भटकर आणि १९९१ च्या 'परम' महासंगणकामुळे. छपाईच्या धंद्याला मात्र ती आठवते 'जिस्ट' तंत्रज्ञानामुळे. त्याची सुरुवात कानपूरच्या आयआयटीत झाली होती आणि पुण्यात त्याचा विस्तार झाला. संगणकात एक कार्ड बसवले की पडद्यावर भारतीय लिप्या उमटत. पुढे सी-डॅकचे सुरेख, योगेश असे फाँट मराठी कागदावर रुळले. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीचे 'श्रीलिपी' तर डीटीपीच्या दुकानांत इतके पसरले की मराठी टायपिंग म्हणजे श्रीलिपी असेच समीकरण झाले. अमेरिकेतून आलेल्या पेजमेकरमध्ये मराठी अक्षर घालण्याचे काम असे बरेचसे आपल्या गावात झाले.

त्या फाँटची करामत समजून घेण्यासारखी आहे. एका फाँटमध्ये २५६ जागा असत, त्यांतल्या काही संगणकाच्या कामासाठी राखीव. इंग्रजी अक्षरांच्या त्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले गेले : इथे काना, तिथे अर्धा 'स', पलीकडे रफार. म्हणजे जुळाऱ्याची लाकडी केसच संगणकात शिरली होती. पेजमेकरच्या पडद्यावरही मधे पान आणि भोवती मोकळे टेबल होते, त्यावर मजकुराचे आणि चित्रांचे तुकडे काढून ठेवता येत. ज्यांनी कात्री आणि डिंक घेऊन पेस्टअप केले होते, त्यांना ते टेबल ओळखीचे वाटले.

हे सॉफ्टवेअर शिकले कसे? पुणे विद्यार्थी गृहाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मुद्रण अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम होता, पुढे मल्टिमीडियाचे खासगी क्लासही निघाले. पण बहुतेक ऑपरेटर घडले ते शेजारच्या खुर्चीत बसून. छापखान्यात एकच संगणक असायचा. दिवसा त्यावर गिऱ्हाइकाचे काम चाले, रात्री शिकाऊ पोरांची पाळी येई. सरकारी टंकलेखन परीक्षा दिलेल्यांना, त्यातही मुलींना, त्यात मोठी संधी मिळाली. टाइपरायटरचा कळफलक श्रीलिपीत होताच, त्यामुळे बोटांना नवे काही शिकावे लागले नाही. लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग पेपर काढायचा, तो स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे किंवा ऑफसेटच्या प्लेटसाठी पाठवायचा, असा एक नवा धंदा आप्पा बळवंत चौकाच्या आसपास उभा राहिला.

सगळे मात्र या वाटेने पुढे आले नाहीत. पन्नाशीला पोहोचलेल्या जुळाऱ्यांपैकी थोडेच माउस धरू शकले. काही जण मुद्रितशोधनाकडे वळले, बरेच घरी बसले. शिशाचे खिळे वजनावर भंगारात गेले. ऱ्हस्व-दीर्घाची चूक हातातल्या स्टिकवरच पकडणारी ती माणसे होती. त्यांच्यासोबत शुद्धलेखनाचा एक पहारा उठला, हे त्या काळातल्या पत्रिकांवरून आणि फलकांवरून दिसतेच.

कोरल, कर्व्ह आणि फ्लेक्स

पेजमेकर पुस्तकांसाठी होते. लग्नपत्रिका, वर्गणीच्या पावत्या आणि दुकानांच्या पाट्या कोरलड्रॉकडे गेल्या. १९८९ मध्ये आलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये चित्र ठिपक्यांनी न बनता रेषांच्या गणिताने बनते. त्यामुळे तीच आकृती व्हिजिटिंग कार्डावर बसते आणि २० फुटी फ्लेक्सवरही फाटत नाही. गणेशोत्सवातल्या फ्लेक्सनी आपल्या ब्रशवाल्या पेंटरांना मागे सारले ते याच जोरावर. १९९० चे फोटोशॉप फोटोंसाठी आणि कोरल अक्षरांसाठी, अशी वाटणी धंद्यात पक्की झाली.

याच काळात 'फाइल कर्व्ह करून पाठवा' हे वाक्य रुळले. आपला फाँट समोरच्या संगणकात नसेल तर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. त्यावर उपाय म्हणजे अक्षरांचे रूपांतर नुसत्या आकारांत करून टाकायचे. छपाई बिनचूक होई, पण मजकूर हा मजकूर राहत नसे. त्यात शब्द शोधता येत नाही, चूक सुधारता येत नाही. १९९० नंतरची १५-२० वर्षे मराठीत जे छापले गेले, त्यातले कितीतरी अशा बंद फाइलींमध्ये अडकले आहे.

१९९१ च्या युनिकोड प्रमाणात देवनागरी होती. विंडोज २००० सोबत 'मंगल' हा फाँट आला. तो घडवला र. कृ. जोशींनी. पत्र लिहायला, ईमेलला मराठी सोपी झाली. पण पानांची मांडणी करणारी सॉफ्टवेअर मागे राहिली. २००१ मध्ये पेजमेकरची शेवटची आवृत्ती आली, तीत युनिकोडची जोडाक्षरे जुळत नव्हती. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची सोय झाली ती २०१२ च्या आवृत्तीत. म्हणून पुण्यातले ऑपरेटर जुने पेजमेकर आणि जुने फाँट धरून वर्षानुवर्षे बसले. बाहेरच्याला तो हट्ट वाटे. खरे तर दुसरा मार्गच नव्हता.

दरम्यान २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी आली. आपल्या अनेक शिक्षकांनी नोकरीच्या अटीपायी हा कोर्स केला. त्यात डिझाइन शिकवत नव्हते, पण माउसची भीती गेली.

खिशातला संगणक

२०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि डिझाइन टेबलावरून उठून खिशात आले. पिक्सआर्ट, पिक्सेललॅब, कॅनव्हा या अ‍ॅपनी तयार नमुने हातात दिले. फोटोशॉप २०१९ मध्ये आयपॅडवर आले, त्याच्या पुढच्या वर्षी इलस्ट्रेटर. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, तेव्हा चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या शिक्षकांनी मोबाइलवर चित्रे जोडली, तक्ते बनवले, आवाज भरला. त्यांना शिकवायला शेजारी बसला होता घरातला मुलगा किंवा मुलगी. खुर्ची तीच राहिली, फक्त गुरु-शिष्यांची वये उलटी झाली.

मोबाइलवरून संगणकाकडे आणि संगणकाकडून छपाईकडे जाताना काही गोष्टी मात्र शिकाव्याच लागतात. पडद्याचे रंग प्रकाशाचे, कागदाचे रंग शाईचे. म्हणून पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर मावळतो. छपाईला साधारण इंचाला ३०० ठिपके लागतात. १०८० पिक्सेल रुंदीचे चित्र त्या हिशेबाने ३.६ इंचांपेक्षा मोठे छापू नये. या स्मरणिकेसाठी 'फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असा संपादक मंडळाने धोशा लावला होता, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो आक्रसतो.

मराठीची म्हणून वेगळी काळजी आहे. 'दुसऱ्या' लिहिताना नुक्त्याचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडावा लागतो. साधा र घेतला तर 'दुसर्या' होते. अनेक फाँटमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे असतात. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची वळणे ठरवून दिली आहेत, पण तयार नमुने बनवणाऱ्यांना ती ठाऊक नसतात. मुंबईच्या एक टाइपसारख्या गटांनी 'मुक्त', 'बलू' असे देखणे फाँट विनामूल्य दिले आहेत. त्यांतून नेमके निवडायला मात्र डोळा लागतो.

काय उरले, काय वाचवायचे

आपल्यापैकी ज्यांनी ही सगळी स्थित्यंतरे पार केली त्यांच्याकडे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. मेनू पाठ असलेले प्रत्येक नव्या सॉफ्टवेअरपुढे पुन्हा पहिलीत बसले. ज्यांना अक्षर कळत होते, त्यांनी फक्त बटणे नव्याने शोधली. जागा किती सोडावी, मथळा किती मोठा करावा, रंग कुठे थांबवावा हे कोणत्याही अ‍ॅपच्या नमुन्यात येत नाही. ते चित्रकलेच्या तासाला चौकोन आखताना आले होते. आपल्या सरांनी बाईंनी दिलेले हे भांडवल ४० वर्षे पुरले. आजच्या मुलांच्या हातात मोबाइल पाचवीतच येतो, पण तो तास मिळेलच याची खात्री नाही.

म्हणून स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने दोन विनंत्या. शाळेच्या जुन्या वार्षिक अंकांच्या, कार्यक्रमपत्रिकांच्या फाइली कोणाकडे फ्लॉपीवर, सीडीवर असतील तर त्या जमा करू. श्रीलिपीचा मजकूर युनिकोडमध्ये बदलता येतो, पण तपासायला त्या फाँटवर काम केलेली माणसे लागतात, आणि ती आज आपल्यातच आहेत. आणखी १५ वर्षांनी हे काम अवघड होईल. दुसरी विनंती ज्यांनी ब्रश, पेस्टअप किंवा कोरल हाताळले त्यांना : वर्षातून एक-दोन शनिवार शाळेत येऊन मुलांच्या शेजारी बसा. मोबाइल त्यांना तुमच्यापेक्षा चांगला येतो, तो तेच तुम्हाला शिकवतील. तुम्ही त्यांना अक्षर शिकवा.