अकरा कोपरे आणि एक दार

साल १९६०. केंब्रिजमध्ये तुम्ही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकापाशी बसला आहात. खोलीत अंधार केलाय, नाहीतर पडद्यावरचा फिकट हिरवा उजेड दिसायचा नाही. नमुना तयार करायची रीत अगदी नवी आहे. ब्रेनर आणि हॉर्न यांनी ती गेल्याच वर्षी छापली. विषाणूवर फॉस्फोटंग्स्टिक आम्लाचा क्षार सोडायचा. त्यातला जड धातू प्रथिनांमधल्या फटींत जाऊन बसतो, इलेक्ट्रॉन अडवतो, आणि प्रथिनं तेवढी उजळ उठून दिसतात.

पडद्यावर आहे हर्पिस सिम्प्लेक्स. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पाणीदार फोड येतात, ते याचेच. त्याचं कवच, म्हणजे कॅप्सिड, षटकोनी दिसतंय आणि त्यावर दाटीवाटीनं आखूड, पोकळ खुंट उभे आहेत. प्रत्येकाच्या मधोमध काळं छिद्र. एका त्रिकोणी बाजूची कड पकडा आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत खुंट मोजा. पाच भरतात. वीस त्रिकोणांच्या आकृतीत कडेवर पाच असतील तर पाचातून एक वजा करायचा, उरलेल्याचा वर्ग, त्याची दहापट, वर दोन. १६२. ग्लासगोचे वाइल्डी आणि रसेल हे हॉर्न यांच्यासोबत याच वर्षी हा आकडा छापतात, आणि तो आजही टिकून आहे.

पण कॅप्सिडची पलीकडची बाजू तुम्ही कुठे पाहिलीत? दिसलेल्या बाजूवरून न दिसलेली ताडली, बाराही कोपरे सारखेच असणार असं धरून. विषाणूशास्त्रात याहून देखणी मोजणी मला माहीत नाही. तरी त्या 'सारखेच' या गृहीतकापाशी पुढची चाळीस वर्षं एक गोष्ट अडून राहिली.

आता पुढे या. १९९०चं दशक, अमेरिकेतलं शार्लट्सव्हिल, न्यूकम आणि ब्राउन यांची प्रयोगशाळा. विषाणूची प्रथिनं कीटकांच्या पेशींकडून तयार करून घेतली आहेत, आणि त्या पेशींचे अर्क तुम्ही एका नळीत मिसळताय. भिंतीचं, म्हणजे त्या खुंटांचं, मुख्य प्रथिन व्हीपी५. त्याच्या एकट्याच्यानं हे काम होत नाही. एक व्हीपी१९सी आणि दोन व्हीपी२३ मिळून एक त्रिकूट होतं, ते शेजारशेजारच्या खुंटांना जखडून ठेवतं. आतून आधाराला परांची लागते, तीही प्रथिनाचीच. परांचीच्या प्रथिनाचं शेवटचं टोक, जेमतेम २५ अमिनो आम्लांचं, व्हीपी५ला धरून असतं. नळीत आधी अर्धवट कमानी दिसतात, मग बंद गोळे. पेशीत याच्या पुढची पायरी विषाणूचं स्वतःचं कात्रीप्रथिन पार पाडतं: नेमकं ते २५चं टोक कापतं. पकड सुटते, परांची बाहेर पडते, भिंतीतली प्रथिनं जागा बदलतात आणि गोल कवच टोकदार होतं. एवढ्याशा टोकावर सगळी इमारत तोललेली असते, हे मला आजही थक्क करतं.

या नळीत यूएल६ नावाचं प्रथिन घातलं नाही तरी कॅप्सिड बनतात, दिसायला निर्दोष. डीएनए मात्र त्यांच्यात शिरू शकत नाही.

२००१. यूएल६ला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांवर सोन्याचे कण बसवलेत. तुम्ही कॅप्सिडमागून कॅप्सिड पाहता. सोनं प्रत्येक वेळी एकाच कोपऱ्यावर. तिथे पाच व्हीपी५चा खुंट नाही. यूएल६च्या बारा प्रतींचं कडं आहे, हेच डीएनएचं दार. म्हणजे हिशेब असा: सहा-सहा व्हीपी५चे १५० खुंट, पाच-पाचचे ११, एकूण ९५५ व्हीपी५, आणि एक दार. इतकी वर्षं ते दिसलं नाही, कारण सुस्पष्ट चित्रासाठी हजारो कॅप्सिडांची सरासरी काढताना सगळे कोपरे एकसारखे मानले जात. बारांतला एक वेगळा कोपरा त्या सरासरीत विरून जाई.

पुढे त्याच प्रयोगशाळेत दिसलं की बांधकाम सुरू होतानाच दार हजर असावं लागतं. ते परांचीच्या प्रथिनाला धरून येतं. मागाहून घातलं तर भिंतीत बसत नाही. दार एकच का, याचं उत्तर मला यातच दिसतं: कॅप्सिडची सुरुवात एकदाच होते.

आता पेशीच्या केंद्रकात उतरा. दारावर यूएल१५, यूएल२८ आणि यूएल३३ या प्रथिनांचं यंत्र येऊन बसलंय. पेशीचं इंधन एटीपी जाळत ते सुमारे १,५२,००० बेस-जोड्यांचा डीएनए आत रेटतं. दाब इतका वाढतो की यूएल१७ आणि यूएल२५ यांनी कोपरे बाहेरून आवळले नाहीत तर डीएनए आत टिकत नाही. पुढचा प्रवास भराभर होतो: यूएल३१ आणि यूएल३४ ही जोडी कॅप्सिडला केंद्रकाच्या पटलातून बाहेर काढते, यूएल३६ आणि यूएल३७ त्याच्यावर चढतात, आणि गॉल्जीजवळच्या पटलात शेवटचं आवरण मिळतं.

२०१७ साली अमेरिकेत लेटरमोव्हिर या औषधाला मंजुरी मिळाली. सायटोमेगॅलो हा हर्पिसच्याच कुळातला विषाणू. त्याचं दारावरचं यंत्र हे औषध बंद पाडतं, आणि अस्थिमज्जेतल्या मूळपेशींचं प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना त्याच्यापासून वाचवायला ते दिलं जातं. ओठावरच्या हर्पिसवर ते चालत नाही. त्याचं यंत्र थांबवणारं औषध अजून दवाखान्यात आलेलं नाही.