निश्चयाचा व्यापार : व्यायामाच्या जाहिरातीचा पूर्वेतिहास

महाविद्यालयाच्या उन्हाळी सुट्टीत एखाद्या लहानशा फिटनेस कंपनीत विपणनाच्या, म्हणजे गिऱ्हाईक हेरून, त्याला जोडून घेऊन टिकवण्याच्या, कामावर रुजू होणारा विद्यार्थी आज शहरांतून सर्रास आढळतो. दोन महिन्यांच्या या उमेदवारीत त्याच्या वाट्याला येणारी कामे बहुधा ठरलेली असतात : आठवडाभराच्या मोफत सरावाची जाहिरात करणे, सभासदांची आधीची आणि नंतरची छायाचित्रे शेजारी शेजारी मांडणे, त्यांचे अनुभव लिहून घेणे, महिनाभराचे एखादे आव्हान जाहीर करणे आणि नुसती चौकशी करून गेलेल्या माणसाचा पाठपुरावा करणे. ही साधने समाजमाध्यमांबरोबर जन्मली असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेकांना १८९७ ते १९३० या सुमारे तीन दशकांत, लंडन आणि न्यूयॉर्क या शहरांत, छापील मासिक आणि टपाल यांच्या आधाराने आकार आला. ती अशीच का घडली, याचे उत्तर या मालाच्या स्वभावात सापडते. साबण विकत घेतला की त्याचा उपयोग लगेच सुरू होतो. व्यायामाचे पैसे मोजल्यावर मात्र कष्ट गिऱ्हाइकालाच उपसावे लागतात आणि फळ दिसायला महिने लागतात. त्यामुळे विक्रेत्याजवळ विकण्याजोगे खरे तर एकच उरते, ते म्हणजे गिऱ्हाइकाचा निश्चय. आणि निश्चय हा नाशवंत माल असल्यामुळे तो विकण्याच्या पद्धतीही निराळ्या घडवाव्या लागल्या.

विद्यार्थ्यांच्या सुट्टीचा विक्रीसाठी उपयोग करून घेण्याची रीत या व्यापाराहून जुनी आहे. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५मध्ये संपल्यानंतर, टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथील साउथवेस्टर्न या प्रकाशनसंस्थेने १८६८पासून महाविद्यालयीन तरुणांना उन्हाळ्यात दारोदार बायबल आणि इतर पुस्तके विकण्यास पाठवायला सुरुवात केली. मिळालेल्या कमाईतून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवावा, अशी ही योजना होती. तीत विद्यार्थ्याची भूमिका शिकाऊ उमेदवाराची नव्हती, तो फिरता विक्रेता होता. प्रत्यक्ष काम हाच अभ्यासक्रमाचा भाग मानावा ही निराळी कल्पना हर्मन श्नायडर यांनी १९०६मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात अभियांत्रिकीच्या २७ विद्यार्थ्यांना घेऊन अमलात आणली आणि त्या विद्यार्थ्यांचा वेळ वर्ग व कारखाना यांच्यात आलटून पालटून वाटला. आजच्या उन्हाळी उमेदवारीत हे दोन्ही प्रवाह मिसळलेले दिसतात : सुट्टी आणि विक्री पहिल्याकडून आली, शिक्षणाचे अंग म्हणून मिळालेली प्रतिष्ठा दुसऱ्याकडून.

व्यायामाला बाजारातील मालाचे रूप देणारा पहिला मोठा उद्योजक म्हणून युजेन सँडो याचे नाव घ्यावे लागते. प्रशियातील क्योनिग्सबर्ग येथे १८६७मध्ये जन्मलेला, फ्रीडरिश विल्हेल्म म्युलर असे मूळ नाव असलेला हा पहिलवान १८८९मध्ये लंडनच्या रंगमंचावर सॅम्सन नावाच्या शक्तिप्रदर्शकाचे आव्हान जिंकून एका रात्रीत गाजला. पुढे १८९३मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या काळात फ्लोरेन्झ झिगफेल्ड या तरुण संयोजकाने त्याचे खेळ लावले, तेव्हा सँडोने किती वजन उचलले यापेक्षा त्याचे शरीर कसे दिसते याकडेच प्रेक्षकांचे अधिक लक्ष असल्याचे झिगफेल्डने हेरले. उचललेले वजन प्रयोग संपताच विस्मरणात जाते, शरीराचे छायाचित्र मात्र घरोघर पोचू शकते; आणि छायाचित्रे अगदी स्वस्तात छापता येणारी हाफटोन पद्धत, म्हणजे लहान मोठ्या ठिपक्यांनी छाया उमटवणारे मुद्रण, नेमकी याच सुमारास रूढ होत होती.

सँडोने १८९७मध्ये लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर व्यायामसंस्था उघडली आणि पुढच्याच वर्षी स्वतःचे मासिक सुरू केले. संस्थेत येऊ शकणाऱ्यांसाठी तेथे शिक्षक होते. जे येऊ शकत नव्हते त्यांच्यासाठी टपालाची सोय होती. गिऱ्हाइकाने छापील तक्ता भरून दंड, छाती, कंबर, मांडी यांची मापे कळवावीत, मग त्याच्यासाठी व्यायामाचा क्रम आखून पाठवला जाई आणि काही काळाने मापे पुन्हा घेतली जात. आधीच्या आणि नंतरच्या छायाचित्रांमागील तत्त्व या मापांच्या तक्त्यात अगोदरच आलेले होते. त्याने बाजारात आणलेले डंबेलही याच विचाराचे फलित होते : हे डंबेल उभे दोन भागांत विभागलेले असे आणि मध्ये स्प्रिंगा बसवलेल्या असत, त्यामुळे व्यायाम करताना मूठ सैल सोडण्याची सोयच नव्हती आणि ताकद वाढेल तशा स्प्रिंगाही वाढवता येत. गिऱ्हाइकाचे मन उडू लागते तो क्षण ओळखून रचलेले हे साधन होते.

सँडोची खरी कर्तबगारी मात्र स्पर्धेच्या आखणीत दिसते. मासिकाच्या आरंभीच त्याने उत्तम शरीरसौष्ठवाची महास्पर्धा जाहीर केली. प्राथमिक फेऱ्या ब्रिटनच्या निरनिराळ्या परगण्यांत झाल्या, त्यांचे वृत्तान्त आणि स्पर्धकांची छायाचित्रे मासिकात येत राहिली आणि अंतिम फेरी १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पार पडली. परीक्षकांत शिल्पकार सर चार्ल्स लॉज आणि शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल हे होते, आणि निकष नुसत्या पिळदार दंडाचा नव्हता, सर्वांगाच्या समतोल वाढीचा होता. जवळपास तीन वर्षे चाललेल्या या उपक्रमात स्पर्धकाला तारीख मिळाली, वाचकाला उत्कंठा मिळाली आणि मासिकाला मजकूर मिळाला. शिवाय स्पर्धकांची छायाचित्रे ही सँडोच्या पद्धतीची फुकट जाहिरातच ठरली. ठरावीक मुदतीचे आव्हान देऊन माणसाला सरावात बांधून ठेवण्याची आजची पद्धत याच घराण्यातील आहे.

अमेरिकेत हा वारसा बर्नार मॅकफॅडन याने चालवला. त्याने १८९९मध्ये सुरू केलेल्या ‘फिजिकल कल्चर’ या मासिकाची भूमिका अशी की दुबळेपणा हा दैवाचा भाग नाही, तो जवळजवळ गुन्हाच आहे. शरीराची हेळसांड नैतिक दोष ठरवली की तो दूर करण्यासाठी माणूस पैसे मोजायला तयार होतो, हे त्याने पुरते जाणले होते. त्याने भरवलेल्या स्पर्धांतूनच इटलीत जन्मलेला आणि ब्रुकलिनमध्ये वाढलेला अँजेलो सिसिलियानो पुढे आला. शिल्पकारांसमोर नमुना म्हणून उभा राहणारा हा तरुण १९२२मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील स्पर्धा जिंकून चार्ल्स अ‍ॅटलस या नावाने प्रसिद्ध झाला आणि डॉ. फ्रेडरिक टिल्नी यांच्या साहाय्याने त्याने टपालाद्वारे व्यायाम शिकवण्याचा व्यवसाय थाटला. किताब गाठीशी होता, शरीर होते, अभ्यासक्रमही होता. तरीही १९२८पर्यंत धंदा डबघाईला आला, कारण अर्ल लीडरमन यांच्यासारखे टपाली गुरू बाजारात दाटीने उभे होते आणि पिळदार छातीचे चित्र एवढ्यावर कोणाचेच वेगळेपण ठरत नव्हते.

या प्रसंगी अ‍ॅटलसच्या जाहिरातींचे काम ज्या संस्थेकडे होते तिने ते चार्ल्स रोमन या नवख्या लेखकावर सोपवले. न्यूयॉर्क विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला हा तरुण जाहिरातीचा मजकूर लिहिण्यासाठी नोकरीला लागला होता आणि व्यायामाच्या क्षेत्रातला तर तो मुळीच नव्हता. त्याने पद्धतीला ‘डायनॅमिक टेन्शन’ हे भारदस्त नाव दिले. एका स्नायूचा दाब दुसऱ्यावर देऊन, कोणत्याही उपकरणाशिवाय करायचा हा व्यायाम होता, आणि त्याचे व्यापारी मर्मही त्यातच होते : लोखंड घडवायचे नाही, साठवायचे नाही, धाडायचे नाही, बारा धड्यांचा छापील कागद आणि टपालखर्च एवढाच मालाचा बोजा असल्याने उरलेला पैसा जाहिरातीवर ओतता येई. रोमनचे सुचवणे अ‍ॅटलसला इतके पटले की १९२९मध्ये दोघे भागीदार झाले. पाठोपाठ महामंदी आली, तरी रोज अवघी पंधरा मिनिटे मागणारा आणि घरच्या घरी करता येणारा हा अभ्यासक्रम तगून राहिला.

रोमनच्या काळात घडलेली सर्वांत गाजलेली जाहिरात काही चौकटींच्या चित्रकथेची आहे. समुद्रकिनारी मैत्रिणीसोबत बसलेल्या काटकुळ्या तरुणाच्या तोंडावर एक दांडगा वाळू उडवतो. तरुण घरी येऊन रागाने खुर्चीला लाथ मारतो, मोफत पुस्तिका मागवतो, काही काळाने आरशात आपले बदललेले शरीर पाहतो आणि किनाऱ्यावर परतून त्या दांडग्याला ठोसा लगावतो. अ‍ॅटलसचे भरलेले शरीर येथे कडेला सरकले आहे. मधली जागा वाचकाच्या लाजेने घेतली आहे. सँडोने आदर्श दाखवला आणि मॅकफॅडनने दोष दाखवला. या जाहिरातीने दोषापासून आदर्शापर्यंतचा प्रवास गोष्टीत बांधून त्याची पहिली पायरी एका टपालाच्या तिकिटाएवढी स्वस्त केली. ही किमया पहिलवानाला न सुचता नवख्याला साधली, यात नवल नाही. उस्तादाला दुबळेपणाचा विसर पडलेला असतो, नवखा अजून वाचकाच्या बाजूने विचार करतो.

जाहिरातीच्या तळाशी तुटक रेषेने आखलेले कुपन असे आणि त्यात नाव, वय, पत्ता लिहिण्याच्या ओळी असत. कार्यालयाच्या पत्त्यात विभागाचा एक क्रमांकही छापलेला असे. असा विभाग प्रत्यक्षात असायलाच हवा, असे नव्हते. टपालाने माल विकणाऱ्या व्यापारात प्रत्येक नियतकालिकासाठी निराळा क्रमांक देण्याची युक्ती रूढ झाली होती, जिच्यामुळे परत आलेल्या कुपनावरून कोणत्या मासिकातील जाहिरात लागू पडली याचा हिशेब मांडता येई आणि न चालणारी जाहिरात बंद करता येई. पुस्तिका मागवूनही पैसे न पाठवणाऱ्यांना एकापाठोपाठ एक पत्रे जात. आजच्या कंपनीत उमेदवाराला कोणत्या दुव्यावरून किती चौकशा आल्या याचा तक्ता भरावा लागतो. त्या तक्त्याचे मूळ या कुपनाच्या क्रमांकात आहे.

या व्यापाराला आक्षेप घेणारेही होते. पेनसिल्व्हेनियातील यॉर्क येथे वजने तयार करणारे बॉब हॉफमन यांचे म्हणणे असे की असे शरीर लोखंड उचलल्याशिवाय घडत नाही आणि अ‍ॅटलसची जाहिरात दिशाभूल करते. १९३०च्या दशकात हा वाद अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगापुढे गेला आणि आयोगाने अ‍ॅटलसला दोषी धरले नाही. वादाच्या मुळाशी या मालाचाच स्वभाव होता. फळ न मिळाल्यास अभ्यासक्रम खोटा की गिऱ्हाईक आळशी, हे ठरवण्याचे साधन गिऱ्हाइकाजवळ नसते आणि बहुतेक वेळा तो स्वतःलाच दोष देऊन गप्प बसतो.

महाराष्ट्रात व्यायामाची घडी अगदी निराळी होती. तालमीत वस्ताद, म्हणजे कुस्ती शिकवणारा गुरू, शागीर्दाकडून शुल्कापेक्षा निष्ठेची अपेक्षा करी. तालमीचा लौकिक मैदानात मारलेल्या कुस्तीवरून ठरे आणि १९१२मध्ये पूर्ण झालेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानासारख्या वास्तूंमागे शाहू महाराजांसारख्यांचा राजाश्रय असे. तरीही टपाली व्यायामाचे वारे येथवर पोचले होते. सँडोने १९०४–०५ मध्ये भारताचा दौरा केला, पण त्याआधीच त्याची पुस्तके आणि साधने येथे येत होती. ती मागवून सुमारे दहा वर्षे नेमाने वापरणाऱ्यांत साताऱ्याकडील औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी होते. पुढे त्यांना सूर्यनमस्कार अधिक पूर्ण व्यायाम वाटू लागला आणि १९०९मध्ये गादीवर आल्यानंतर त्यांनी त्याचा प्रचार हे जीवितकार्य मानले. स्वतः रोज नमस्कार घालणे, संस्थानातील शाळांत ते सक्तीचे करणे आणि सचित्र पुस्तके छापणे ही त्यांची साधने होती, लंडनच्या जे. एम. डेंट या प्रकाशनसंस्थेने १९३८मध्ये लुईझ मॉर्गन यांच्या संपादनाखाली त्यांचे इंग्रजी पुस्तकही काढले. बंगळूरचे के. व्ही. अय्यर यांनी मात्र व्यायामशाळेच्या जोडीला टपाली अभ्यासक्रम चालवून दोन्ही मार्ग एकत्र आणले आणि पाश्चात्त्य धर्तीच्या शरीरसौष्ठवाबरोबर सूर्यनमस्कारही शिकवले.

औंधचा प्रयोग आणि न्यूयॉर्कचा व्यापार समोरासमोर ठेवले असता दोघांपुढील अडचण एकच होती, असे दिसते. पहिल्या दिवशीचा उत्साह महिनाभर कसा टिकवायचा, हा प्रश्न राजाने शाळेचे वेळापत्रक, सक्ती आणि स्वतःचा कित्ता यांनी सोडवला. व्यापाऱ्याने तो लाज, गोष्ट, कुपन आणि पत्रे यांनी सोडवला. पहिल्या मार्गाला सत्ता लागते, दुसऱ्याला भाषा लागते. लहानशा कंपनीजवळ सत्ता नसल्यामुळे तिला दुसऱ्याच मार्गाने जावे लागते, आणि म्हणून तिला भाषा जाणणाऱ्या तरुणाची गरज भासते. गंमत अशी की त्या तरुणाला आज ज्या मालाची जाहिरात लिहावी लागते त्यात रथसप्तमीच्या निमित्ताने घालायच्या १०८ सूर्यनमस्कारांचे आव्हानही असते. म्हणजे औंधने फुकट वाटलेला व्यायाम सँडो आणि रोमन यांच्या साधनांनी विकला जातो. त्यात गैर काही नाही. मात्र नाव नोंदवणाऱ्यांचा आकडा जाहिरातीचे यश सांगतो आणि महिन्याच्या अखेरीस टिकून राहिलेल्यांचा आकडा व्यायामाचे. हा व्यापार सव्वाशे वर्षे पहिलाच आकडा मोजण्यात तरबेज होत आला आहे. दुसरा मोजण्याची जबाबदारी कोणाची, हा त्याचा सर्वांत जुना अनुत्तरित प्रश्न आहे.