विज्ञान अवघड की विज्ञानाची भाषा?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील शिक्षकांना खोडदची दुर्बीण नवीन नाही. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची ही जीएमआरटी दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, म्हणजे टीआयएफआरने, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारली. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने तेथे विज्ञान प्रदर्शन भरते आणि आसपासच्या शाळांतील मुले आपापली उपकरणे घेऊन जातात. याच टीआयएफआरचे आणखी एक अपत्य आहे. ते मात्र या भागात फारसे कोणाला ठाऊक नसते. 1974 साली मुंबईत सुरू झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र हे ते अपत्य. दुर्बिणीचे काम दूरच्या दीर्घिकांकडून येणारे क्षीण रेडिओतरंग टिपण्याचे. या केंद्राने टिपायचे ठरवले ते वर्गातील शांतता, म्हणजे मुले प्रश्न का विचारत नाहीत हे.

या कामाची सुरुवात केंद्र स्थापन होण्याच्या आधीच झाली होती. टीआयएफआरमधील काही शास्त्रज्ञ मुंबई महानगरपालिकेच्या शाळांत भौतिकशास्त्राच्या अध्यापनात लक्ष घालू लागले होते. डॉ. व्ही. जी. कुलकर्णी हे त्यांपैकी एक, व पुढे तेच केंद्राचे पहिले प्रमुख झाले. त्या काळी विज्ञानशिक्षण सुधारायचे म्हणजे प्रयोगाच्या पेट्या द्यायच्या, अभ्यासक्रम नवा करायचा आणि शिक्षकांना उन्हाळ्यात शिबिराला बोलवायचे, अशी समजूत होती. या उपायांनी मुलांच्या समजुतीत नेमका किती फरक पडतो, हे मोजून पाहण्याचा आग्रह फारसा कोणी धरत नसे. औषधाच्या बाबतीत असे कोणी चालवून घेतले नसते.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा येथे आणि परिसरातील ग्रामीण शाळांत काम केले. मुंबईत जे जमते ते खेड्यात जमते का, हे पाहायचे होते. त्याच सुमारास शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम आकार घेत होता. 1972 साली 16 माध्यमिक शाळांतून सुरू झालेला हा कार्यक्रम 1978 मध्ये संपूर्ण जिल्ह्यात गेला आणि 2002 साली शासनाच्या निर्णयाने बंद पडला. त्यावर बरेच लिहिले गेले आहे. मला येथे सांगायचे आहे ते कुलकर्णी आणि व्ही. जी. गंभीर यांच्या एका साध्या, पण विलक्षण परिणामकारक प्रयोगाबद्दल.

मराठी माध्यमाच्या मुलाला भाषेची अडचण कशी असेल, असे आपल्याला वाटते. मातृभाषेतूनच तर तो शिकतो! कुलकर्णी आणि गंभीर यांची शंका वेगळी होती. पाठ्यपुस्तकातील मराठी ही पालिकेच्या शाळेत येणाऱ्या मुलाच्या घरची मराठी नाही. ती त्याच्या दृष्टीने जवळजवळ परकी भाषा आहे. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून त्यांनी विज्ञानाची पुस्तके सोप्या भाषेत पुन्हा लिहिली. आशय तोच ठेवला, भाषा तेवढी बदलली. काही वर्गांना ही पुस्तके दिली आणि तुलनेसाठी घेतलेले वर्ग नेहमीच्याच पुस्तकांवर शिकले.

या मांडणीतील मर्म शिक्षकांनी लक्षात घेण्यासारखे आहे. प्रयोगाची साधने, अभ्यासक्रम आणि भाषा हे सगळे एकदम बदलले असते आणि मुलांचे गुण वाढले असते, तर श्रेय कोणाला द्यायचे ते कळले नसते. एकच घटक बदलला, म्हणून उत्तराला अर्थ आला. सोप्या पुस्तकांच्या वर्गातील मुलांनी विज्ञानात अधिक चांगली प्रगती केली. गुणांहूनही महत्त्वाचे म्हणजे वर्गातील संवाद वाढला, मुले बोलू लागली, प्रश्न विचारू लागली. हा अभ्यास 1981 मध्ये प्रसिद्ध झाला.

सोपी भाषा म्हणजे काय? पुढील उदाहरण माझे आहे, त्यांचे नव्हे. ‘पदार्थास उष्णता दिली असता त्यातील रेणूंच्या गतिज ऊर्जेत वाढ होऊन त्यांच्यामधील सरासरी अंतर वाढल्याने पदार्थाचे आकारमान वाढते.’ आता हेच असे वाचा : ‘पदार्थ तापवला की त्याचे रेणू अधिक जोराने हलू लागतात. त्यामुळे ते एकमेकांपासून थोडे दूर जातात. म्हणून पदार्थाचे आकारमान वाढते.’ यात ‘रेणू’ आणि ‘आकारमान’ हे शब्द तसेच आहेत. माझ्या मते पारिभाषिक शब्दांना उगाचच दोष दिला जातो. शब्द एकदा शिकवला की येतो. मूल अडते ते ‘दिली असता’, ‘वाढ होऊन’, ‘वाढल्याने’ अशा एकात एक अडकवलेल्या रचनेपाशी, कारण कारण कुठले आणि परिणाम कुठला हेच त्याला सुटे करता येत नाही.

1980 नंतर केंद्राने मुंबईतील पालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक कार्यक्रम हाती घेतला. त्यात कुलकर्णी यांच्याबरोबर एस. सी. आगरकर होते. मुलांची बुद्धी कमी आहे असे न मानता त्यांच्या वाटेतील अडथळे शोधायचे, हा त्याचा पाया. भाषा हा एक अडथळा निघाला. संख्यांच्या आणि मापनाच्या रूपात विचार करण्याचा सराव नसणे हा दुसरा. अडथळ्यांवर नेमके काम केल्यावर ही मुले शालान्त परीक्षेत बरोबरीच्या इतर मुलांपेक्षा लक्षणीय पुढे गेली. ‘या पोरांना विज्ञान झेपत नाही’ असे शिक्षककक्षात सहज बोलले जाते. त्या वाक्याला हे मोजमापासहित दिलेले उत्तर आहे.

आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरांत, हे उत्तर अधिकच लागू पडते. घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालील आश्रमशाळांत महादेव कोळी, ठाकर, कातकरी समाजांतील मुले येतात. ज्या आंबेगाव गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, हे तेथील मुलाला पक्के ठाऊक असते. उन्हाळ्यात पाणी किती मागे हटते हेही त्याने पाहिलेले असते. पण ‘जलाशयातील पाण्याचे बाष्पीभवन’ म्हटले की तो गप्प बसतो.

मग शिक्षकाने काय करावे? मुंबईतील निष्कर्ष जसाच्या तसा उचलावा असे मी म्हणणार नाही. पालिकेची शाळा वेगळी, डोंगरातली वेगळी. उचलायची ती रीत. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकात वर्गांचे ध्वनिमुद्रण करून दाखवले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात आणि गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. हे तपासायला घड्याळ पुरते.

भाषेचा प्रयोग करायचा तर दोन तुकड्या हव्यात. एक प्रकरण ‘अ’ तुकडीला स्वतः सोप्या वाक्यांत लिहून द्यावे, ‘ब’ तुकडीला पुस्तकातूनच शिकवावे. पुढच्या प्रकरणाला अदलाबदल करावी. त्यामुळे मुळात हुशार तुकडीचा फायदा एकाच बाजूला जात नाही, आणि कोणतीही तुकडी वंचितही राहत नाही. नव्या गोष्टीच्या नवलाईनेच मुले उत्साहाने शिकतात, ही शंका उरतेच. ती फेडायची तर तिसरे आणि चौथे प्रकरणही असेच घ्यावे, नवलाई तोवर ओसरते. चाचणी दोन्ही तुकड्यांना एकच असावी आणि तिच्यातील प्रश्न दोन्ही मजकुरांहून वेगळ्या शब्दांत असावेत, नाहीतर पाठांतरच मोजले जाईल. दर तासाला मुलांनी आपणहून किती प्रश्न विचारले, त्याच्या रेघा फळ्याच्या कोपऱ्यात माराव्यात. उत्तरपत्रिका मात्र दुसऱ्या शिक्षकाकडून, नाव आणि तुकडी झाकून तपासून घ्याव्यात.