खडकीची लढाई

५ नोव्हेंबर १८१७ रोजी गणेशखिंड आणि खडकी यांमधल्या मैदानावर पेशवे दुसऱ्या बाजीरावाची फौज इंग्रजांशी भिडली. पेशव्यांकडे सुमारे १८ हजार घोडदळ, ८ हजार पायदळ आणि १४ तोफा होत्या; कर्नल बरच्या हाताखाली जेमतेम २,८०० शिपाई. तरीही सरशी इंग्रजांची झाली.

याचे कारण संख्येत नव्हे, वेळेत आणि जमिनीत सापडते. हल्ल्याचा निर्णय लांबत गेला. तेवढ्यात ३० ऑक्टोबरला मुंबईची युरोपीय पलटण पुण्यात पोचली आणि रेसिडेंट एल्फिन्स्टनने शहरालगतची छावणी खडकीला हलवली. पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांनी घोडदळ घेऊन धाडसाने चाल केली, पण इंग्रजांच्या फळीसमोरची दलदल कोणी आधी पाहिलीच नव्हती. भरधाव घोडे तिच्यात रुतले आणि समोरून बंदुकांचा मारा झाला. जरीपटका, म्हणजे मराठ्यांचे निशाण, सांभाळणारे मोरोपंत दीक्षित पडले. पेशवे हे सारे पर्वतीवरून पाहत होते. रणात धनी नसणे ही या लढाईतली सर्वांत मोठी उणीव होय. शौर्य मात्र गोखल्यांच्या स्वारांकडे कमी नव्हते.

जनरल स्मिथची कुमक आल्यावर १७ नोव्हेंबरला पुणे इंग्रजांच्या हाती गेले. बापू गोखले २० फेब्रुवारी १८१८ रोजी अष्टीच्या लढाईत धारातीर्थी पडले.